मोला, मला, मोचो : विद्यापीठात भाषाविज्ञान आलं कुठून आणि ते शिकायचं कशाला?

मी सिलतऱ्याहून बोलते आहे. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना चिमण्या दिसू लागतात. स्पंज आयर्नचे, पोलादाचे, विजेचे कारखाने. तेच सिलतरा. धरसींवा भागातलं हे गाव आता गावापेक्षा औद्योगिक क्षेत्र म्हणूनच ओळखलं जातं. इथे मी शाळेत हिंदी शिकवते. घरात मराठी बोलते, कारण आमचं मूळ घर अकोला जिल्ह्यातलं. आणि विद्यापीठात मी शिकले ते भाषाविज्ञान.

‘भाषाविज्ञानात एम.ए.’ असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, ‘म्हणजे तुम्हाला किती भाषा येतात?’ आणि दुसरा, ‘त्याचा उपयोग काय?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. भाषाविज्ञान म्हणजे पुष्कळ भाषा बोलता येणं नव्हे, जसं वनस्पतिशास्त्र म्हणजे मोठी बाग लावणं नव्हे. भाषा कशी चालते, ती कशी बदलते, तिच्यात नियम कुठले आणि ते कुठून आले, हे तपासणारं ते शास्त्र आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र थोडं लांबचं आहे. ते देण्यासाठी आधी इतिहासात जावं लागेल. हा विषय आपल्याकडे विद्यापीठात शिरला कुठल्या दारानं, आणि आपल्या घरातल्या, बाजारातल्या, शेतातल्या बोलीला त्या दारातून आत यायला किती वेळ लागला, ते आज पाहू.

संस्कृतचं दार

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 ची. त्यानंतर वीस वर्षांनी, 1877 मध्ये, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तिथे ‘विल्सन व्याख्यानं’ दिली. विषय होता संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. मिशनरी आणि विद्वान जॉन विल्सन यांच्या नावानं ही व्याख्यानमाला होती. भांडारकरांनी संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि आजच्या भाषा अशी एक सलग वाट दाखवली. मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, बंगाली या भाषा एकमेकींच्या शेजारी ठेवून त्यांनी ध्वनी कसे बदलत गेले ते सांगितलं. मराठी माणसानं विद्यापीठाच्या मंचावरून आधुनिक भाषाशास्त्राबद्दल बोलण्याची ही ठळक सुरुवात होती.

पुढचा मोठा टप्पा एका फ्रेंच माणसाचा. ज्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. तो 1920 मध्ये बाहेर आला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. ‘मराठी भाषेचा विकास’ या नावानं तो 1941 मध्ये आला. दरम्यान 1933 मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी भाषा : उद्गम व विकास’ हा ग्रंथ आला होता. मराठीच्या वर्गांतून कित्येक पिढ्यांनी तो वाचला.

या सगळ्या कामाची दिशा मात्र एकच होती. जुन्याकडून नव्याकडे, पोथीकडून बोलीकडे. शब्द आज कसा आहे हे सांगायचं ते मुख्यतः तो पूर्वी कसा होता हे दाखवण्यासाठी. पोथी नसलेल्या बोलीला या वाटेवर फारशी जागा नव्हती.

एका हेडमास्तरचं व्याकरण

याच काळात पुण्या-मुंबईपासून दूर, छत्तीसगढमध्ये, एक वेगळी गोष्ट घडत होती. हिरालाल काव्योपाध्याय हे धमतरीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. जन्म 1856 चा. त्यांनी 1885 मध्ये छत्तीसगढीचं व्याकरण लिहून पूर्ण केलं. ज्या बोलीला तेव्हा सुशिक्षित माणसं ‘गावंढळ’ म्हणून बाजूला सारत होती, तिची नामरूपं, सर्वनामं, क्रियापदं त्यांनी नीट मांडली. सोबत म्हणी, गाणी, गोष्टी दिल्या.

हे काम जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या हाती पडलं. त्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि 1890 मध्ये तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. त्याच वर्षी हिरालाल वारले. वय जेमतेम चौतीस. पुढे 1921 मध्ये लोचनप्रसाद पांडेय यांनी या व्याकरणाची वाढवलेली आवृत्ती तयार केली. तिच्यावर देखरेख होती रायबहादूर हिरालाल यांची. ते कटनीचे, इतिहासाचे आणि जातिजमातींचे अभ्यासक. दोघांची नावं सारखी असल्यामुळे पुष्कळदा गल्लत होते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे की हे व्याकरण कुठल्याही विद्यापीठात लिहिलं गेलं नाही. ते शाळेत लिहिलं गेलं. मुलं जे बोलतात ते रोज ज्याच्या कानावर पडतं, अशा माणसानं ते लिहिलं.

उधळ्या मुलाची गोष्ट

ग्रिअर्सन यांनी 1894 मध्ये भारतीय भाषांच्या पाहणीचं काम हाती घेतलं. 1903 ते 1928 या काळात त्या पाहणीचे अकरा खंड निघाले. एकूण 179 भाषा आणि 544 बोली त्यांनी मोजल्या. पद्धत साधी होती. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक ठिकाणच्या बोलीत करून मागवायची, सोबत ठरावीक शब्दांची आणि वाक्यांची यादी भरून घ्यायची. हे काम जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत व्हायचं. म्हणजे नमुना देणारा बहुधा लिहिता येणारा माणूस, कारकून नाहीतर शिक्षक. ज्याची बोली नोंदवायची तो शेतकरी पुष्कळदा त्या कागदापासून दूरच. ही त्या पाहणीची मर्यादा. तरीही एवढ्या मोठ्या प्रदेशातल्या बोली एकाच मापानं मोजण्याचं काम त्याआधी कुणी केलं नव्हतं.

या पाहणीत आपल्या भागापुरत्या दोन नोंदी पाहा. छत्तीसगढी सहाव्या खंडात आहे, अवधी आणि बघेलीच्या शेजारी, ‘पूर्व हिंदी’ या गटात. आणि बस्तरची हलबी सातव्या खंडात आहे. सातवा खंड कशाचा? मराठीचा!

बस्तर संस्थानात वेगवेगळ्या जमाती एकमेकांशी ज्या भाषेत बोलत, ती हलबी. 2011 च्या जनगणनेत हलबी ही आपली मातृभाषा आहे असं सांगणारे 7,66,297 लोक आहेत. ग्रिअर्सन यांनी तिला मराठीच्या खंडात ठेवलं खरं, पण ती मिश्र भाषा आहे हेही नोंदवलं. मग प्रश्न पडतो की ती मराठीची बोली की नाही? विद्यापीठात भाषाविज्ञान शिकताना पहिल्यांदा कामाला लागतो तो असाच प्रश्न. त्याचं उत्तर अभिमानानं देता येत नाही, रूपं शेजारी मांडूनच द्यावं लागतं.

एक शब्द सारखा निघाला म्हणून...

चला, मांडून पाहू. मराठीत आपण म्हणतो ‘मला’, ‘तुला’. छत्तीसगढीत म्हणतात ‘मोला’, ‘तोला’. मराठीत ‘मुलाला’, छत्तीसगढीत ‘लइका ला’. प्रत्यय तोच, काम तेच. रायपूरच्या मराठी घरात हे ऐकलं की कुणीतरी म्हणतंच, ‘बघा, हा भोसल्यांचा परिणाम.’

भोसल्यांचा इतिहास खरा आहे. 1741 मध्ये भास्करपंतांच्या फौजेनं रतनपूर घेतलं. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं तेव्हा छत्तीसगढही इंग्रजांकडे गेलं. म्हणजे शंभरावर वर्षांचा संबंध. त्यात कारभाराची भाषा मराठी, मोडीत लिहिलेली.

पण भाषाविज्ञान इथे थांबायला सांगतं. शब्द उसने घेणं सोपं असतं. बाजारातून वस्तू आली की तिचं नाव आलंच. विभक्तीचे प्रत्यय, सर्वनामं, क्रियापदाची रूपं हे भाषेचे सांधे आहेत, ते सहसा उसने येत नाहीत. शिवाय दोन भाषांत एक रूप सारखं दिसण्याची तीन कारणं असू शकतात. एकीनं दुसरीकडून घेतलं, दोघींना ते एकाच आजीकडून मिळालं, किंवा दोघींकडे ते वेगवेगळ्या वाटेनं आलं. तेराव्या शतकातल्या मराठीत ‘-सि’ आणि ‘-तें’ ही रूपं ठळक आहेत, ‘-ला’चा बोलबाला नंतरचा. त्यामुळे मराठीतही ‘-ला’ ही सनातन खूण नव्हे.

म्हणून एका प्रत्ययावर निकाल द्यायचा नाही, सगळी चौकट पाहायची. ‘माझा’ला छत्तीसगढीत ‘मोर’ म्हणतात. हे रूप अवधीचंही आहे. ‘त्यानं केलं’ला छत्तीसगढीत ‘करिस’. मराठीतला भूतकाळाचा ‘ल’ तिथे नाही. चौकट पाहिली की छत्तीसगढीचं घराणं अवधी-बघेलीचं आहे हे स्पष्ट दिसतं. ‘ला’ सारखा असूनही.

आता हलबी घ्या. ‘माझं’ला ‘मोचो’. ‘बस्तरचं’ला ‘बस्तर चो’. ‘तो गेला’ला ‘हुन गेलो’. इथे आपला ‘च’ आहे आणि भूतकाळाचा ‘ल’ही आहे. ‘काय’ हा प्रश्नार्थक शब्द आहे, ‘आमी’, ‘तुमी’ आहे. मराठी कानाला ओळखीचं वाटतं. पण ‘ला’ मात्र नाही, तिथे ‘के’ आहे. आणि सगळ्यात मोठा फरक असा. मराठीत ‘माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर’. ‘चा, ची, चं’ ही लिंगाप्रमाणे बदलतात. हलबीचा ‘चो’ बदलत नाही. भाऊ असो, बहीण असो, घर असो, ‘मोचो’च.

हे का झालं असावं? शेजार पाहा. छत्तीसगढीत ‘मोर बेटा, मोर बेटी’, बदल नाही. ओडियातही ‘मोर’ तसाच राहतो. वेगवेगळ्या भाषांची माणसं एका भाषेत व्यवहार करू लागली की ज्या खाचाखोचा त्यांच्या स्वतःच्या भाषेत नाहीत, त्या आधी झिजतात. लिंगभेद ही त्यातली पहिली. हलबी अशाच येण्या-जाण्याच्या, बाजाराच्या, दरबाराच्या वापरातून घडलेली भाषा आहे. तिला ‘बिघडलेली मराठी’ म्हणणं म्हणजे नदीला ‘बिघडलेला झरा’ म्हणण्यासारखं आहे.

पुण्याची शाळा, देशभरचे विभाग

आता पुन्हा विद्यापीठाकडे येऊ. बोलींचा असा अभ्यास वर्गात कधी शिरला?

पुण्याचं डेक्कन कॉलेज 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालं. 1934 मध्ये ते बंद पडलं आणि 1939 मध्ये पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. सुमित्र मंगेश कत्रे यांनी तिथे भाषाशास्त्राचा पाया घातला. 1954 पासून काही वर्षं, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं, तिथून भाषाविज्ञानाची शिबिरं भरवली गेली. भारतातले आणि अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ तिथे शिकवायला येत. देशभरचे तरुण प्राध्यापक शिकायला येत. तोपर्यंत जे शास्त्र पोथीवर चालत होतं, ते आता समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकून, ध्वनिलिपीत लिहून, रूपं सुटी करून शिकवलं जाऊ लागलं. पुढच्या दशकांत देशातल्या विद्यापीठांत भाषाविज्ञानाचे जे विभाग उभे राहिले, त्यांतल्या पुष्कळांची मुळं या पिढीत आहेत.

अ. मा. घाटगे यांनी 1960 च्या दशकात मराठीच्या बोलींची पाहणी हाती घेतली. कुडाळी, महाडची कुणबी बोली, ठाण्याची वारली, दक्षिण कॅनराची कोकणी अशा पुस्तिका महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाकडून निघाल्या. ना. गो. कालेलकर पॅरिसला शिकून आले आणि हे शास्त्र त्यांनी साध्या मराठीत सांगितलं. त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ला 1967 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशोक केळकर कॉर्नेलहून 1958 मध्ये पीएच.डी. घेऊन आले, काही वर्षं आग्र्याला शिकवलं, मग 1962 पासून डेक्कन कॉलेजात. मराठीची ध्वनिव्यवस्था हा त्यांचा विषय, पण हिंदी-उर्दूवरचा त्यांचा ग्रंथही तितकाच मानला जातो. 1980 च्या दशकात त्यांच्या पुढाकारानं मराठी अभ्यास परिषद आणि तिचं ‘भाषा आणि जीवन’ हे नियतकालिक उभं राहिलं.

आणि एक नाव घ्यायलाच हवं. मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतून आलेल्या या बाईंनी फलटणला राहून तिथल्या मराठीचा अभ्यास केला. कुठल्या जातीची, कुठल्या शिक्षणाची माणसं कुठलं रूप वापरतात, हे त्यांनी मोजलं. प्रबंध झाल्यावर त्या परत गेल्या नाहीत. फलटणलाच त्यांनी मुलांसाठी शाळा काढली, वाचन शिकवण्याच्या पद्धतीवर काम केलं. धमतरीच्या हेडमास्तरांनी शाळेतून व्याकरणाकडे प्रवास केला, बर्नसनबाईंनी व्याकरणाकडून शाळेकडे.

रायपूरचा विभाग

1956 पर्यंत रायपूर ज्या राज्यात होतं, त्याची राजधानी नागपूर. त्यामुळे इथल्या मराठी घरांना नागपूर हे सरकारी अर्थानंही जवळचं होतं. रायपुरात 1935 पासून महाराष्ट्र मंडळ आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी 1900 मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं, आणि 1926 मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं. मराठी माणसानं इथली भाषा आपली मानून काम करायची परंपरा इथे अशी जुनी आहे.

1964 मध्ये रायपुरात रविशंकर विद्यापीठ सुरू झालं. इथे भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग झाला आणि डॉ. रमेशचंद्र महरोत्रा यांनी तो दीर्घकाळ सांभाळला. ते मुरादाबादचे. पण छत्तीसगढीचे शब्द, म्हणी, वाक्प्रचार गोळा करण्याचं काम त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलं. याच काळात बिलासपूरचे नाटककार शंकर शेष यांनी छत्तीसगढीचा भाषाशास्त्रीय अभ्यास ग्रंथरूपानं मांडला. डॉ. नरेंद्रदेव वर्मा यांनी छत्तीसगढीच्या विकासावर संशोधन केलं. हेच वर्मा कवी होते आणि त्यांचं गीत 2019 मध्ये छत्तीसगढचं राज्यगीत झालं. ज्या राज्याचं राज्यगीत भाषेच्या अभ्यासकानं लिहिलं आहे, अशी राज्यं फार नसतील.

छत्तीसगढ राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झालं. नोव्हेंबर 2007 मध्ये विधानसभेनं छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारं विधेयक मंजूर केलं. आठव्या अनुसूचीत मात्र ती अजून नाही. 2011 च्या जनगणनेत 1,62,45,190 लोकांनी मातृभाषा छत्तीसगढी सांगितली, आणि हा आकडा सरकारी तक्त्यात ‘हिंदी’च्या खाली मिळवला गेला. हलबीचा आकडा स्वतंत्र, छत्तीसगढीचा हिंदीत. भाषा की बोली हा प्रश्न शेवटी कागदावर कसा ठरतो, त्याचं हे उदाहरण.

वर्गात नेमकं काय शिकलो?

पहिल्या सत्रात ध्वनी. आमच्या वर्गात मराठी बोलणारी मी एकटीच. मास्तरांनी विचारलं, ‘मराठीत च किती?’ मी म्हटलं, एक. तर ते म्हणाले, ‘चार गुरं चार, हे मोठ्यानं म्हणा.’ म्हटलं. वर्ग हसला. पहिला ‘चार’ म्हणजे संख्या, दुसरा ‘चार’ म्हणजे चारा घाल. लिहिताना एकच अक्षर, तोंडात दोन वेगळे ध्वनी, आणि त्या फरकानं अर्थ बदलतो. आपण रोज हा नियम पाळतो आणि तो आहे हे आपल्याला माहीत नसतं. भाषाविज्ञानाचा पहिला धडा हाच की बोलणाऱ्याला त्याच्या भाषेचं व्याकरण येतंच. सांगता येत नाही, एवढंच.

दुसरा धडा मला माझ्या आजीनं दिला, पण तो कळला वर्गात. आजी ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणायची, ‘केळं’ला ‘केयं’, ‘जवळ’ला ‘जवय’. लहानपणी सुट्टीत अकोल्याकडे गेलं की शहरातले नातेवाईक तिला हसायचे. वर्गात ध्वनिबदलाचे नियम शिकताना लक्षात आलं की आजी कुठेही चुकत नव्हती. जिथे ‘ळ’ तिथे ‘य’. अपवाद नाही. हा वऱ्हाडीचा नियम. तिथून पूर्वेला, भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत, तोच ‘ळ’ ‘र’ होतो. डोळ्याचा ‘डोरा’ होतो. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या झाडीबोलीसाठी आयुष्यभर काम केलं, ती ही. आणखी पूर्वेला छत्तीसगढीत शिरलं की ‘ळ’ नाहीच. अकोल्याहून रायपूरला रेल्वेनं येताना खिडकीबाहेर एक अक्षर असं हळूहळू बदलत जातं. त्यात कुठेही ‘इथे मराठी संपली’ अशी पाटी नाही.

तिसरा धडा सिलतऱ्याच्या फाटकाचा. क्षेत्रकार्य म्हणून आम्हाला एखाद्या ठिकाणची बोली नोंदवून आणायची होती. मी आमचंच गाव निवडलं. पाळी सुटायच्या वेळी चहाच्या टपरीवर उभी राहायचे. छत्तीसगढी, ओडिया, भोजपुरी बोलणारे कामगार एकमेकांशी हिंदीत बोलत. पण कशी हिंदी? ‘गाडी आ गया’, ‘मेरा बहन आएगा’, ‘चाय बना दिया’. शाळेच्या कानाला हे खटकतं. वहीत शंभर वाक्यं उतरवल्यावर दिसलं की काळाच्या रूपांत गोंधळ नव्हता, शब्दक्रमात नव्हता. गळालं होतं ते बहुतेक एकच, लिंग. ओडियात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, छत्तीसगढीतही नाही. ‘मोर’ बदलत नाही म्हणून ‘मेरा’ही बदलत नव्हता.

आणि मग ‘मोचो’ आठवला. बस्तरच्या बाजारात कित्येक पिढ्यांमागे जे घडलं असावं, त्याच्यासारखं काहीतरी सिलतऱ्याच्या फाटकावर माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. इतिहास म्हणजे फक्त ताम्रपट आणि पोथ्या नव्हेत, तो टपरीवर उभा राहूनही ऐकू येतो. हे मला विद्यापीठानं शिकवलं.

मग उपयोग काय?

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. नोकऱ्यांची यादी मी देऊ शकते. वाचादोष-उपचार, कोशनिर्मिती, अनुवाद, संगणकाला भाषा शिकवण्याचं काम. 2022 मध्ये केंद्र सरकारनं ‘भाषिणी’ हा प्रकल्प सुरू केला, त्यात भाषांचे जाणकार लागतात. म्हैसूरची भारतीय भाषा संस्थान ही केंद्रीय संस्था 1969 पासून काम करते आहे. हे सगळं आहे. पण एवढ्यावर हा विषय निवडा असं मी म्हणणार नाही, कारण जागा थोड्या आहेत आणि खूप ठिकाणी हा विभाग साहित्याच्या विभागात मिसळून गेला आहे.

माझ्यासाठी उपयोग रोजचा आहे. माझ्या वर्गात कामगारांची मुलं आहेत. एक मुलगा निबंधात लिहितो, ‘मेरा माँ काम पर जाता है.’ या वाक्यावर लाल रेघ मारणं सोपं आहे. पाच रेघा झाल्या की मूल ‘कच्चं’ ठरतं, दहा झाल्या की ते स्वतःच स्वतःला मठ्ठ समजू लागतं, आणि आठवीनंतर दिसेनासं होतं. हा मुलगा व्याकरणात कच्चा नाही. त्याच्या घरच्या ओडियाचं व्याकरण तो पक्कं पाळतो आहे. मला त्याला फक्त एवढं शिकवायचं आहे की हिंदी नावाच्या दुसऱ्या भाषेत एक जास्तीचा नियम आहे. मी फळ्यावर दोन रकाने करते. एकीकडे ‘घरात असं’, दुसरीकडे ‘वहीत असं’. कुठल्याच रकान्यावर फुली मारत नाही. महिन्याभरात बहुतेक मुलं ‘माँ जाती है’ लिहू लागतात. आणि घरी जाऊन आईशी तिच्या भाषेत बोलायची लाज वाटत नाही, हा त्याहून मोठा लाभ.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला, महानुभावांच्या गावी, मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. मराठी माणूस म्हणून मला याचा आनंद आहे. पण अभिजात म्हणजे जुनं, आणि जुनेपणाचा अभिमान आपल्याला पुन्हा पोथीच्याच दारानं आत नेऊ शकतो. ‘डोया’, ‘डोरा’, ‘मोचो’ यांना त्या विद्यापीठात जागा असेल का, हा प्रश्न आज विचारला पाहिजे. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण केलं आहे. गावोगावच्या माणसांचे आवाज त्यात ध्वनिमुद्रित आहेत. ही आशेची गोष्ट आहे. ग्रिअर्सनच्या कागदावर जो शेतकरी आला नव्हता, तो आता स्वतःच्या आवाजात येतो आहे.

पण सर्वेक्षण कितीही मोठं असलं तरी प्रत्येक घरापर्यंत पोचत नाही. म्हणून हे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या तुम्हाला एक विनंती. तुम्ही बडोद्यात असा, इंदुरात असा, तंजावुरात, बेळगावात की हैदराबादेत, तुमच्या घरातलं सगळ्यात वयस्क माणूस जसं बोलतं ते लिहून ठेवा. वीस शब्द पुरेत. शब्दापुढे गावाचं नाव, वय आणि तारीख लिहा. दुरुस्त करू नका. ‘शुद्ध’ रूप शेजारी लिहायचं असेल तर लिहा, पण मूळ खोडू नका. हिरालाल काव्योपाध्यायांनी सुरुवात अशीच कानावर पडेल ते लिहून केली असणार. पुढे व्याकरण कोण लिहील, हे नंतर ठरेल.

पुढच्या भागात भेटू.